गवयाला घराणे, चिताऱ्याला चुना

ग्वाल्हेरचे नाव निघाले की जाणत्या मराठी माणसाचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. हद्दूखाँ-हस्सूखाँ, तेथून विद्या घेऊन महाराष्ट्रात आलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, शंकरराव पंडित, कृष्णराव पंडित, राजाभैया पूछवाले! ही नावे तो स्तोत्रासारखी म्हणतो. माधवराव शिंद्यांनी पंडित भातखंड्यांच्या सल्ल्याने १९१८ साली तेथे संगीत विद्यालय काढले, हेही त्याला ठाऊक असते. तानसेनाच्या समाधीपाशी दरवर्षी जो समारोह भरतो त्याच्या आरंभी ढोलीबुवांच्या परंपरेतील हरिकथा होते, हे सांगताना त्याचा ऊर भरून येतो. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान दिला, तेव्हा मुंबई-पुण्यापासून मडगावपर्यंतच्या मराठी घरांतून आनंद व्यक्त झाला. तो योग्यच होता.

आता त्याच रसिकाला विचारावे की, ग्वाल्हेरच्या एका चित्रकाराचे नाव सांगा. कानाच्या पाळीशी गेलेला हात खाली येतो. अधिक आग्रह धरला तर 'तेथे चित्रकला अशी फारशी नव्हतीच' असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे आहे, आणि आमचा आजचा वाद या खोट्या उत्तराशीच आहे. ग्वाल्हेरात चित्रकार होते. मराठी आडनावांचे होते. त्यांनी केलेल्या कामाची पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला दखल घेतली गेली. नव्हते ते इतकेच की, त्यांची नावे सांभाळावीत असे वाटणारा समाज. त्यांना काळाने पुसले असे म्हणून आपण सुटू पाहतो. वस्तुतः त्यांना आपण पुसले आहे, आणि ज्या हातांनी पुसले तेच हात आज आपल्या देवळांच्या भिंतींवरही फिरत आहेत.

प्रथम ग्वाल्हेरचे उदाहरण घेऊ. आज धार जिल्ह्यात असलेली बाघची लेणी त्या काळी ग्वाल्हेर संस्थानात मोडत. विंध्याच्या दक्षिण उतारावर, बाघनी नदीच्या काठी, मऊ वालुकाश्मात खोदलेली ही बौद्ध लेणी. मुळात नऊ, त्यांतील बरीचशी ढासळलेली. चौथ्या लेण्याला लोक रंगमहाल म्हणतात. तेथील भिंतींवर अजिंठ्याच्या तोडीची चित्रे होती, पण झिरपणारे पाणी, धूर, वटवाघळे आणि दगडाचा ठिसूळपणा यांनी ती वर्षानुवर्षे झिजत चालली होती. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे. ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी, मानसिंह तोमराने मृगनयनीसाठी बांधलेल्या गुजरी महालात जे संग्रहालय १९२२ साली लोकांस खुले झाले, ते याच गर्द्यांच्या कष्टाचे फळ. चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृती करून घ्याव्यात असे ठरले आणि १९२१ साली काही चित्रकार बाघच्या त्या अंधाऱ्या लेण्यांत उतरले.

त्यांतील तिघांची नावे साऱ्या देशाला पाठ आहेत: नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर. बंगालने आपल्या या पुत्रांची चरित्रे लिहिली, पत्रे छापली, त्यांच्या रेखाटनांची प्रदर्शने भरवली. नंदलालांचे बाघ येथील दिवस हा बंगाली कलेतिहासाचा एक अध्यायच होऊन बसला आहे. याबद्दल बंगालचा हेवा करण्याचे कारण नाही. अनुकरण करण्याचे मात्र आहे.

कारण त्या कामात हे तिघेच नव्हते. आणखी चौघे होते: ए. बी. भोसले, बी. ए. आपटे, एम. एस. भांड आणि व्ही. बी. जगताप. ही आडनावे वाचताच आपला माणूस ओळखू येतो. लंडनच्या इंडिया सोसायटीने १९२७ साली बाघच्या लेण्यांवर जो ग्रंथ काढला, त्यात जॉन मार्शल, गर्दे, फोगेल, हॅवेल, कझिन्स यांसारख्या विद्वानांनी लेख लिहिले; लॉरेन्स बिन्यन यांनी प्रस्तावना लिहिली. त्या विद्वत्तेला आधार या सात जणांच्या प्रतिकृतींचा होता. युरोपातल्या वाचकाने बाघची ती नृत्यमंडळे, ती हत्तीघोड्यांची मिरवणूक पाहिली ती यांच्या डोळ्यांनी. मूळ चित्रे पुढे आणखी विटली आणि तेव्हापासून या प्रतिकृती म्हणजे नुसत्या प्रती राहिल्या नाहीत, त्या साक्षीदार झाल्या.

या साक्षीदारांना आपण काय दिले? दोन इंग्रजी आद्याक्षरे आणि एक आडनाव! 'ए' म्हणजे अनंत की आत्माराम, 'व्ही' म्हणजे विष्णू की वामन, हे सांगणारी एक ओळ मराठीत लिहिली जाऊ नये? याच ग्वाल्हेरातील गवयाचा गुरू कोण, त्या गुरूचा गुरू कोण, कोणत्या चिजेचा अंतरा कोणी बदलला, यावर आपण पानेच्या पाने लिहितो, प्रसंगी भांडतोही. मग लेण्यातल्या ओलीत बसून, पडणाऱ्या भिंतीवरचा एकेक बोटाचा वळसा टिपून घेणाऱ्या माणसाचे पाळण्यातले नावही आपल्याला का नको झाले?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. कोणी म्हणेल, 'अहो, ती तर नक्कल! मूळ चित्रकार निराळे. हे केवळ उतरवून घेणारे.' हा आक्षेप घेणाऱ्याने आपल्या संगीताच्या बैठकीत जाऊन बसावे. तेथे शिष्य गुरूची चीज गुरूच्या वळणाने म्हणतो तेव्हा त्याला नकलाकार म्हणतात का? उलट, 'तालीम पक्की आहे' म्हणून मान डोलावतात. दीड हजार वर्षांपूर्वीच्या अनामिक गुरूची रेघ हाताला वळवून घेणे ही तालीम नव्हे काय? ज्याला स्वतःची रेघ नाही त्याला दुसऱ्याची जिवंत रेघ उतरवताच येत नाही. ती मरून कागदावर पडते. प्रतिकृतीलाही सिद्ध हात लागतो. आणि प्रतिकृतीचे काम हलके असेल, तर नंदलालांचे बाघचे काम तरी थोर कसे? एकाच भिंतीसमोर बसलेल्यांपैकी तिघे कलावंत आणि चौघे नकलाकार, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

अजिंठ्याचीही हीच कथा आहे. १८७२ पासून पुढे सुमारे तेरा वर्षे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तेथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. ग्रंथावर नाव राहिले ते ग्रिफिथ साहेबांचे. साहेबाने आपले नाव ठेवले यात त्याला दोष देऊन काय उपयोग? आपली नावे आपण सांभाळायची होती.

बाघच्याच लेण्यात एक ताम्रपट सापडला. माहिष्मतीच्या महाराज सुबंधूने तेथील विहारासाठी दिलेल्या दानाचा तो लेख. विहार बांधवणाऱ्या दत्तटकाचेही नाव त्यात आहे. म्हणजे पाहा, दान देणारा राजा दीड हजार वर्षे टिकला, विहार बांधवणारा टिकला. ज्याने त्या भिंतीवर डोळ्यांत पाणी आणणारी ती शोकाकुल स्त्री रंगवली, त्याचे नाव ताम्रपटात नाही, दगडातही नाही. आपल्या देवळांच्या सभामंडपात शिरताना डाव्या-उजव्या हातांस ज्या संगमरवरी पाट्या दिसतात त्यांचे कूळ थेट सुबंधूच्या ताम्रपटाशी जाऊन पोहोचते. अमक्याच्या स्मरणार्थ इतके रुपये, तमक्यांकडून पंखा, तमक्या कुटुंबाकडून पायरी. पंख्याच्या दात्याचे नाव कोरले जाते. गाभाऱ्याच्या चौकटीवर द्वारपाल कोरणाऱ्या सुताराचे, भिंतीवर गजलक्ष्मी काढणाऱ्या चिताऱ्याचे नाव कोणी विचारतही नाही.

येथे दुसरा, आणि दिसायला अधिक सात्त्विक, आक्षेप पुढे येतो. 'कलावंताने ते काम देवाला अर्पण केले. त्याला नावाची हाव नव्हती. नाव घालणे हा अहंकार. आमची परंपरा अनामिकतेची आहे.' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते खरे नाही. आमच्या संतांनी प्रत्येक अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घातली. तो अहंकार होता असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? ख्यालाच्या बंदिशीत सदारंगाचे नाव येते आणि आजचा गवई ईश्वराची आळवणी करता करता ते नाव आदराने उच्चारतो. बेलूरच्या देवळावर होयसळ शिल्पींनी आपली नावे स्वच्छ कोरून ठेवली आहेत. तेथील दासोज आपल्याला नावाने माहीत आहे. देवाने त्यांच्यावर कोप केल्याचे ऐकिवात नाही. अनामिकता हे कलावंताने घेतलेले व्रत असेल तर त्याला आमचा नमस्कार. पण बहुतेक ठिकाणी ते व्रत त्याच्यावर लादलेले आहे, आणि लादणारे स्वतः मात्र पाटीवर नाव घालताना हे व्रत पाळत नाहीत. अनामिकता ही इतकी पवित्र गोष्ट असेल तर दात्यांपासूनच तिचा आरंभ करावा.

खरे कारण निराळे आहे. ते कटू आहे, पण बोलले पाहिजे. गवयाला आपण बुवा म्हणतो, पंडित म्हणतो, खाँसाहेब म्हणतो. चिताऱ्याला आपण कारागीर म्हणतो आणि त्याचा हिशेब गवंड्याच्या वहीत मांडतो. ज्याचे हात रंगाने, मातीने, चुन्याने मळतात त्याची विद्या ही विद्याच नव्हे, असा एक समज आपल्या पांढरपेशा मनात खोल बसलेला आहे. विश्वकर्म्याची पूजा करणारा समाज विश्वकर्म्याच्या लेकरांना दाराबाहेर उभे करतो, ही विसंगती आपल्याला टोचत नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात चितेरा ओळी नावाची गल्ली आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली छावणी टाकली आणि त्या छावणीचेच शहर झाले, ते हे लष्कर. ज्या शहरात चिताऱ्यांच्या नावाने गल्ली वसते, त्या शहराला चित्रकला नव्हती असे म्हणणे म्हणजे सराफकट्ट्यावर उभे राहून येथे सोने नव्हते असे म्हणण्यासारखे आहे. या चितेऱ्यांनी लग्नघराच्या दारांवर गणपती काढले, हत्ती-घोडे काढले, वाड्यांच्या व देवळांच्या भिंती सजवल्या. शिंदेशाहीतल्या मोतीमहालात रागरागिण्यांची चित्रे भिंतींवर रंगवलेली आहेत. पुढे त्याच इमारतीत मध्यभारत राज्याच्या कारभाराचे दप्तर गेले. नंतरही सरकारी कचेऱ्या तेथे राहिल्या. रागिण्यांच्या पायाशी फायलींची कपाटे लागली! दैवदुर्विलास असा की, ज्या नगरात राग गाणाऱ्यांची वंशावळ मुखोद्गत आहे, त्याच नगरात राग रंगवणाऱ्यांची एकही पिढी कोणाला सांगता येत नाही.

आता कोकणातले आणि गोव्यातले आमचे वाचक म्हणतील, 'हे ग्वाल्हेरचे गाऱ्हाणे. आमचा त्याच्याशी संबंध काय?' संबंध शब्दातच आहे. तिकडे चितेरा, इकडे चितारी. एकाच संस्कृत शब्दाची ही दोन लेकरे. आणि दोघांच्या नशिबी एकच चुना. आपल्याकडील देवळांच्या भिंतींवर कावी चित्रे होती. चुन्याचा घोटीव गिलावा, त्यावर काव मिसळलेला तांबडा थर, आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. तांबडे आणि पांढरे, एवढ्या दोन रंगांत वेली, मोर, हंस आणि देवादिकांचे प्रसंग उभे राहत. मुसळधार पावसाच्या प्रदेशात, हाताशी असलेल्या मातीतून, येथल्या माणसाने शोधलेली ही रीत. मोरजीच्या मोरजाई देवळात ही चित्रे पाहायला मिळतात, आणखीही काही ठिकाणी आहेत. पण किती देवळांतून ती गेली, हे त्या त्या गावच्या वृद्धांनी आपल्या मनाशी आठवून पाहावे. ती आक्रमकांनी फोडली नाहीत. ती आपण जीर्णोद्धार म्हणून घालवली.

जीर्णोद्धार हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. जे जीर्ण आहे त्याला वर उचलून धरणे म्हणजे उद्धार. जीर्ण म्हणून खरवडून टाकणे आणि त्या जागी स्नानगृहात शोभणाऱ्या चकचकीत फरशा बसवणे, हा उद्धार नव्हे, विसर्जन आहे. आम्हांस समित्यांची अडचण समजते. समईच्या काजळीने भिंत काळवंडते. पावसाळ्यात पोपडे सुटतात. फरशी ओल्या फडक्याने पुसता येते. शिवाय दात्याला आपल्या पैशाचे लखलखीत फळ दिसावे असे वाटते. देऊळ हे पूजेचे स्थान आहे, संग्रहालय नव्हे, असेही सांगितले जाते. मान्य. पण पूजा म्हणजे तरी काय? काल ज्याने देवापुढे आपले सर्वोत्तम ठेवले, त्याचे ठेवलेले आज आपण उकिरड्यावर टाकायचे आणि त्या जागी बाजारातले ठेवायचे, याला कोणत्या पूजाविधीत आधार आहे? निर्माल्यसुद्धा आपण पायदळी येऊ देत नाही.

नाव सांभाळले तर कला सांभाळली जाते, याचे उदाहरण दूर शोधायला नको. सावंतवाडीची गंजिफा मरणपंथाला लागली होती. शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी तिचा शोध घेतला तेव्हा पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताच्या हातात ती विद्या शिल्लक होती. त्यांच्याकडून ती पुढच्यांच्या हाती गेली आणि जगली. पिंगुळीच्या चित्रकथीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि ठाकर समाजाची ती कला काय आहे हे अनेक मराठी घरांना त्या दिवशी प्रथम कळले. कला तीच होती, भिंतीआड होती. तिला नाव व चेहरा मिळाला तेव्हा समाजाचे डोळे उघडले.

मुद्रणाने चित्रकाराला जे दिले ते देवळाने दिले नाही, हेही लक्षात घ्यावे. मडगावात १९१६ साली जन्मलेले दीनानाथ दलाल घरोघर पोहोचले, कारण मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात त्यांची सही होती. भिंतीवरच्या चिताऱ्याला तो कोपरा मिळाला नाही. उघड्या आकाशाखाली उभ्या असलेल्या शिल्पाचीही तीच गत. गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. अनंत चतुर्दशीला लाखो माणसे त्याच्या पायाशी येतात. तो घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके पुढे माळव्यात धारला स्थायिक झाले, १९६१ साली पद्मश्रीचे मानकरी ठरले आणि १९७२ साली निवर्तले. त्या लाखांतील किती जणांना हे नाव ठाऊक असेल?

आणि ग्वाल्हेर संस्थानच्याच भूमीने आपल्याला दुसऱ्या बाजूचाही धडा दिला आहे. त्या संस्थानातील नीमच येथे १९१९ साली विष्णु श्रीधर वाकणकर जन्मले. ते चित्रकार होते. १९५७ साली आगगाडीच्या खिडकीतून त्यांना भीमबेटक्याचे खडक दिसले. त्याच गाडीने हजारो माणसे जात होती. खडक सर्वांनाच दिसत होते. ज्याच्या हाताला रेघेची सवय होती त्याच्याच डोळ्यांना ते थांबवू शकले. पुढे वर्षानुवर्षे पायपीट करून त्यांनी त्या गुहाचित्रांची रेखाटने केली. २००३ साली ते स्थळ जागतिक वारशात गेले. नाव नसलेल्या आदिमानवाच्या हाताला एका मराठी चित्रकाराने इतका मान दिला. आपण तर आपल्या आजोबांच्या काळातल्या, आपल्याच आडनावांच्या माणसांना तो देऊ शकलो नाही.

केवळ संताप व्यक्त करून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. चार गोष्टी आजच करता येण्यासारख्या आहेत, आणि त्यांतील एकीलाही सरकारी अनुदान लागत नाही.

पहिली: कोणत्याही देवळाच्या भिंतीला हात लावण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत, आणि चित्रे असतील तर जाणत्या चित्रकाराकडून त्यांच्या प्रतिकृती करून घ्याव्यात. बाघसाठी एका संस्थानाने १९२१ साली जे केले ते आजच्या समितीला जड नाही. ज्याला दान द्यायचे आहे त्याला सांगावे की, फरशीऐवजी ही प्रतिकृती द्या; पाटीवर आपले नाव घालू.

दुसरी: त्या पाटीवर दात्यांच्या जोडीला स्थपती, सुतार, चितारी, मूर्तिकार यांची नावे यावीत. अक्षरेही त्याच आकाराची असावीत.

तिसरी: प्रत्येक देवस्थानाने एक वही घालावी. या देवळात कोणी काय घडवले, त्याचे गाव कोणते, त्याने विद्या कोणाकडून घेतली, त्याच्या घरात आज कोण आहे, हे वृद्धांना विचारून लिहून ठेवावे. वंशावळ केवळ गाण्याची नसते.

चौथी गोष्ट ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींसाठी. तेथे संगीत आणि कला या दोन्ही विद्यांना वाहिलेले, राजा मानसिंह तोमराच्या नावाचे विद्यापीठ आहे. गुजरी महालाचे संग्रहालय आहे. जुन्या घरांतून ट्रंका आहेत आणि ट्रंकांतून पत्रे आहेत. भोसले, आपटे, भांड आणि जगताप यांच्या आद्याक्षरांमागची नावे शोधून काढावीत. शाळांचे जुने हजेरीपट, संस्थानची दप्तरे, घरोघरच्या आठवणी, काहीही सोडू नये. सापडतील ती नावे देवनागरीत, पूर्ण, वडिलांच्या नावासकट छापावीत.

या चार कामांपैकी जे आपल्या गावात करता येईल ते हाती घ्यावे. देवळाच्या पुढील जीर्णोद्धाराची निमंत्रणपत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी समितीच्या सभेत एकाने तरी उठून विचारावे: 'ही भिंत कोणी रंगवली होती?' उत्तर मिळेपर्यंत चुन्याची बादली अंगणातच राहू द्यावी.